नाव एकदाच लिहा, नंबर धरा

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर, इंग्रजीत एका कार्डावर डी पासून सुरू होतं न दुसऱ्यावर जे पासून, कारण कन्नडात टाईप करणाऱ्यानं तसं वाचलं, आणि एवढ्यावरनं त्यांची पेन्शन पाच महिने अडकलीय. 1970 सालीच संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरात माहिती टेबलांत (तक्त्यांत) ठेवायची पद्धत, मांडलं, त्यावरच्या डिझाईनमध्ये नाव एकाच टेबलात ठेवायचं, त्याला एक प्रायमरी की, म्हणजे दुसऱ्या कशालाही नसलेला एक नंबर, द्यायची, बाकी टेबलांनी तो नंबरच धरायचा. असं असतं तर 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हाही एकच ओळ बदलून भागलं असतं. इथं प्रत्येक ऑफिसात नाव परत टाईप करतात. सीमाभागात तीन लिप्या चालतात, तेव्हा जुळवणी नंबरावरच करा, म्हाताऱ्या माणसांना ॲफिडेव्हिटसाठी पळवू नका.

— एक वाचक, खानापूर