फ्रेंच उजळणी आणि बाकी खुशाली

ल्यों (फ्रान्स), 9 ऑक्टोबर

ती. अण्णा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी इकडे खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं. येसर अजून शिल्लक आहे, तेव्हा आईनं आणखी पाठवायची घाई करू नये. थंडी पडायला लागली आहे, पण जाड कोट आहे आणि घर आतून गरम असतं. ट्रॅम घराजवळच थांबते, रात्री एकटीनं लांब चालावं लागत नाही. आई, हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही, खरंच तसं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर सांगितलेलं पिंट्याच्या ध्यानात राहत नाही. जानेवारीत तो इकडे शिकायला यायचा म्हणतोय, तर त्याआधी त्याला आकडे पक्के यायला हवेत. शिवाय अण्णांनी विचारलं होतं, "त्यांची मोजणीच कळत नाही, तर हिशेबात कोण फसवतंय हे कसं समजणार?" अण्णा, ही काळजी मनातून काढून टाका. दुकानात किंमत लावलेली असते, गल्ल्यावरच्या मशीनवर आकडा दिसतो, पावती हातात पडते. डोळ्यांना दिसतं तिथं कोणी फसत नाही. अडचण येते ती कानाला: कोणी फोन नंबर सांगतं, दवाखान्याची वेळ सांगतं, घर नंबर सांगतं तेव्हा. म्हणून हे शिकायचं ते कानानं. पुस्तकात बघून पाठ केलेलं ऐन वेळी कामाला येत नाही.

पिंट्या, आता वही घे. खाली जिथं चंद्रबिंदू आहे (ओंझ आणि मिल्यों मध्ये नुसतं टिंब) तिथं आवाज नाकातून काढ, पण शेवटी न किंवा म म्हणू नकोस. झ हा 'झरा' मधला. द (2) आणि नफ (9) म्हणताना ओठ गोल कर.

अँ, द, त्र्वा, कात्र, सँक, सीस, सेत, वीत, नफ, दीस. हे दहा झाले. पुढे ओंझ, दूझ, त्रेझ, कातोर्झ, कँझ, सेझ, म्हणजे सोळापर्यंत. हे सोळा शब्द पाठच करावे लागतात. सतरापासून जोडणी सुरू होते: दीस-सेत, दिझ-वीत, दिझ-नफ. मग दशक: व्हँ (20), त्राँत (30), काराँत (40), सँकाँत (50), स्वासाँत (60). मधले आकडे नुसते पुढे जोडायचे, त्राँत-द म्हणजे 32. एक असेल तरच मध्ये 'ए', म्हणजे 'आणि' येतो: त्राँत-ए-अँ, 31. आपल्याकडे एकोणतीस, बत्तीस, त्रेपन्न असे शंभराचे शंभर शब्द वेगळे पाठ केलेत तू, त्यामानानं हे काहीच नाही.

साठपर्यंत सगळं सरळ आहे. खरा घोळ सत्तरपासून. फ्रान्समध्ये सत्तरला शब्दच नाही. साठ-दहा म्हणतात, स्वासाँत-दीस. एकाहत्तर म्हणजे साठ आणि अकरा, बहात्तर म्हणजे साठ-बारा, असं करत एकोणऐंशीला साठ-एकोणीस. ऐंशीला चार-वीस, कात्र-व्हँ. नव्वदला चार-वीस-दहा. नव्व्याण्णवला चार-वीस-दहा-नऊ. ऐकून चक्रावायला होतं, पण आई, आपली आजी गोवऱ्या मोजायची ते आठव: एक विसा, दोन विसा, चार विसा आणि वर सात. तेच आहे हे. पूर्वी यांच्याकडेही ही विसाची मोजणी बरीच चालायची, सहा-वीस म्हणजे 120 असंही म्हणत. आता ती सत्तर ते नव्व्याण्णवमध्येच उरली. शेजारच्या बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सेप्ताँत, नव्वदला नोनाँत असे सुटसुटीत शब्द आहेत, स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐंशीलाही वीताँत म्हणतात. पिंट्या, एखाद्या व्हिडिओत ते ऐकलंस तर चूक नाही, पण इकडे येऊन ते बोलायचं नाही.

यात आणखी दोन बारकावे आहेत. 81 आणि 91 मध्ये 'ए' येत नाही, नुसतं कात्र-व्हँ-अँ, कात्र-व्हँ-ओंझ. 71 मध्ये मात्र येतो. आणि विसाच्या शेवटी लिहितात तो त: नुसत्या 20 मध्ये बोलत नाहीत, 21 ते 29 मध्ये बोलतात (व्हँत-द), 80 च्या पुढे पुन्हा गप्प. 24 आणि 80 मध्ये नवखा माणूस इथंच गडबडतो, कारण व्हँत-कात्र म्हणजे 24 आणि कात्र-व्हँ म्हणजे 80. दोन्हीत शब्द तेच, क्रम उलटा. ऐकताना पहिला शब्द कुठला आला तेवढं धरून ठेव.

आता फोन नंबर. इथला नंबर दहा आकडी, पण सांगतात दोन-दोनच्या पाच जोड्या करून. मोबाइल 06 किंवा 07 नं सुरू होतो, आमच्या भागातला घरचा फोन बहुतेक 04 नं. समजा जोडी 78 आहे. समोरचा म्हणतो "स्वासाँत", ऐकणारा लगेच 6 लिहून मोकळा होतो. मग येतं "दिझ-वीत", आणि कागदावर 60 नि 18 अशा दोन जोड्या होऊन बसतात. पुढचा सगळा नंबर सरकतो. त्यावर उपाय एकच: स्वासाँत किंवा कात्र-व्हँ कानावर आलं की पेन उचलून धरायचं. पुढचा शब्द एक ते नऊमधला असला तर 6 किंवा 8 लिहायचा. दहा ते एकोणीसमधला असला तर 7 किंवा 9. काहीच आलं नाही, नुसता दम घेतला, तर 60 किंवा 80. नंबर लिहून झाला की आपण उलट वाचून दाखवायचा. त्यात कोणाला वावगं वाटत नाही, इथले लोकही तसंच करतात.

पैशाचं पण नीट ऐक. युरोला हे 'अरो' म्हणतात. पुढे स्वर आला की 2, 3, 6 आणि 10 या आकड्यांचं शेपूट झ होऊन त्याला चिकटतं. म्हणून 2 युरो म्हणजे दझ-अरो आणि 12 युरो म्हणजे दूझ-अरो. 3 युरो त्र्वाझ-अरो, 13 युरो त्रेझ-अरो. 6 युरो सीझ-अरो, 16 युरो सेझ-अरो. फरक नुसत्या स्वराचा आहे, त्यामुळे या तीन जोड्या वेगळ्या काढून रोज घोकायच्या. उलट पुढे व्यंजन आलं की सीस आणि दीस चे शेवटचे स गळतात: सहा किलो म्हणजे सी किलो. वीत चा त पण तसाच जातो.

लिहिण्यातही फरक आहे. आपण जिथं टिंब देतो तिथं हे स्वल्पविराम देतात, आणि हजारानंतर मोकळी जागा सोडतात: 1 250,50. हातानं लिहिलेल्या 1 ला इतकं लांब शेपूट काढतात की तो 7 वाटतो, म्हणून 7 च्या पोटात आडवी रेघ मारतात. पिंट्या, फॉर्म भरताना तू पण ती रेघ मारत जा. लाख-कोटी इथं नाही. लाख म्हणजे साँ मील, शंभर हजार. दहा लाख म्हणजे अँ मिल्यों. शंभर कोटीला मिल्यार. शंभर आणि हजाराच्या आधी मात्र 'एक' लावत नाहीत, नुसतं साँ, नुसतं मील. त्यामुळे अण्णांचं जन्मसाल 1971 मील-नफ-साँ-स्वासाँत-ए-ओंझ होतं. पिंट्याचं 2006 सोपं आहे, द-मील-सीस. जन्मतारीख इथं पदोपदी विचारतात, ती झोपेत पण सांगता आली पाहिजे.

सराव ओळीनं करू नकोस. ओळीनं म्हटलं की तोंडाला सवय होते, कानाला होत नाही. लातूरच्या स्टँडवर गाड्या बघ. आपला 24 तर पाटीवर आहेच, पुढचे चार आकडे दोन-दोनच्या जोडीनं वाच. 7896 असेल तर स्वासाँत-दिझ-वीत, कात्र-व्हँ-सेझ. गाडी वळायच्या आत म्हणता आलं की जमलं. नंतर तायडीला चिठ्ठीवरून आकडे वाचायला लाव आणि तू लिही. साठच्या खाली फार वेळ घालवू नकोस. आणि हो, बोटांवर मोजताना इथं अंगठा म्हणजे एक, अंगठा नि तर्जनी म्हणजे दोन.

अण्णा, आणखी एक सांगायचं होतं. पॅरिसमध्ये डोळ्यांचा एक जुना मोठा दवाखाना आहे, त्याचं नावच कँझ-व्हँ, पंधरा-वीस. म्हणजे पंधरा विसा, तीनशे. तेराव्या शतकात नवव्या लुई राजानं तीनशे आंधळ्या माणसांची सोय म्हणून तो काढला, आणि नाव आजही तेच चालतं. हे वाचल्यापासून तुमच्या मोतीबिंदूचं डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी तारीख दिली आहे, ती सोयाबीनच्या काढणीपायी पुढे ढकलू नका. मी तिथं असते तर हात धरून घेऊन गेले असते. ते होत नाही, तर निदान पैशासाठी तरी तुमचं अडू नये. सोमवारी मी 60 हजार पाठवते. त्यातले 25 हजार ऑपरेशनला बाजूला ठेवा, 18 हजार माझ्या कर्जाच्या हप्त्याला, उरलेल्यात मळणीवाल्याचं भागवा. म्हणजे पडत्या भावात आडतीवर माल घालायची वेळ येणार नाही.

दिवाळीला येणं होत नाही. इथं दिवाळीची सुट्टी नसते आणि तिकीट फार महाग आहे. आई, तू फोनवर काही बोलली नाहीस, पण मला कळलं. उन्हाळ्यात येते, तेव्हा चांगले पंधरा दिवस राहीन.

परभणीच्या स्थळाबद्दल. मी नाही म्हटलेलं नाही, आणि "इकडली हवा लागली" असंही काही नाही. त्यांना एवढंच विचारा की मी आणखी दोन वर्षं इथं काम केलं तर चालेल का. तोपर्यंत कर्ज फिटतं आणि पिंट्याचं पहिलं वर्ष माझ्या नजरेखाली जातं. ते हो म्हणाले तर मुलाचा नंबर पाठवा, मी स्वतः बोलते. नाही म्हणाले तर मामांनी मन मोडून घेऊ नये, त्यांनी खूप धावपळ केली आहे. आणि तायडीचं माझ्यासाठी थांबवून ठेवू नका, हे मी मनापासून लिहिते.

आजीच्या फोटोला माझा नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
रेखा

ता. क. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब किती वेळा टाकायचे ते पिंट्यानं कागदावर लिहून भिंतीला लावावं. अण्णा, तोवर मोटारसायकल चालवायची नाही.