आकड्यामागचा पट दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या वहीत प्रत्येक चालीपुढे पेन्सिलने स्टॉकफिशचा, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-इंजिनचा, कोणती बाजू किती वरचढ हे सांगणारा आकडा लिहिलेला होता. अधिक दिसला की बरं वाटायचं, उणे झाला की झोप उडायची. एका डावात पांढऱ्याला, म्हणजे मला, +१.८ होते आणि तो डाव मी हरलो होतो. ‘जिंकलेला डाव घालवला,’ म्हणालो. तुम्ही लॅपटॉप मिटलात, पट मांडलात आणि म्हणालात, ‘पुढच्या चार चाली सांग.’ मला दुसरीच सांगता येईना.

मग तुम्ही इंजिनला पहिल्या तीन पसंतीच्या चाली दाखवायला लावलंत. +१.८, +०.२, −०.५. सगळा डोलारा एकाच चालीवर उभा होता, आणि ती चाल होती उंट देऊन टाकायची! तिन्ही आकडे ०.४ च्या आसपास असते तर वाट रुंद होती, कुठूनही गेलो असतो तरी चाललं असतं. हे इतकं साधं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

+१ म्हणजे एक प्यादं जास्त, हा माझा समजही तुम्हीच काढलात. डिसेंबर २०२२ मधल्या स्टॉकफिश १५.१ पासून +१ म्हणजे तोडीस तोड इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. घड्याळात तीन मिनिटं उरलेल्या माणसाबद्दल तो आकडा बोलतच नाही.

आणि ती विरुद्ध रंगाच्या उंटांची अखेर, एकाचा उंट पांढऱ्या घरांवर, दुसऱ्याचा काळ्या! दोन प्यादी जास्त, +१.६, पण खोली वाढत गेली, म्हणजे इंजिन आणखी पुढच्या चाली बघत गेलं, तरी आकडा जागचा हलेना. तुम्ही आधी मला पांढऱ्याकडून बसवलंत, मग काळ्याकडून. दोन्ही वेळा बरोबरी. काळ्याने राजा आणि उंट काळ्या घरांवर रोवून ठेवले की प्यादी पुढे सरकतच नाहीत, हे तेव्हा हाताला कळलं. तुमची ती अख्खी संध्याकाळ माझ्या एका डावावर गेली. त्याबद्दल मनापासून आभार.

आता इंजिन सुरू करण्याआधी माझं मत समासात लिहितो. रविवारी वही घेऊन येतो. सव्विसाव्या चालीला मी ‘बरोबरी’ लिहिलंय, इंजिन −०.९ म्हणतंय. दोन दिवस बघतोय, कारण अजून सापडलेलं नाही.

आपला विद्यार्थी