कोळशांच्या विस्तवापाशी

अहिल्यानगर (तू पाकिटावर अजून नगरच लिहितोस, आणि ते पोचतंही)
रविवार, दुपार

प्रिय गड्या,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर चार ओळी. बावीस महिने पाळलेला दारू न पिण्याचा शब्द एका वरातीत मोडला, आता प्रभुभोजनाला कुठल्या तोंडाने जाऊ, प्रभूने माझं नाव टाकलं असेल. आधी तुझा रागच आला, म्हणून लगेच लिहायला बसलो नाही. आज उपासनेत संदेश कशावर होता ते विचारू नकोस. पाळक बोलत होते आणि मी तुझ्या त्या ‘नाव टाकलं’वर अडकून बसलो होतो.

तोंड लपवण्यात मी तुझ्यापेक्षा जुना आहे, हे तुला माहीत आहे. तुझ्याकडून घेतलेले चाळीस हजार ठरल्या दिवशी देता आले नाहीत. मग मी तुझे फोन उचलायचं बंद केलं. मग तुझी आई गेली आणि मी तिच्या मातीलाही आलो नाही. जिने मला संडे स्कूलच्या वचनपाठासाठी स्तोत्रं पाठ करून घेतली, त्या माउलीच्या मातीला! त्यानंतर तर तुझ्यासमोर यायचा प्रश्नच नव्हता. सहा महिन्यांनी तूच दारात उभा राहिलास. मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो आणि तू चपला काढता काढता म्हणालास, “चहा टाक.” पैशांचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढच्या महिन्यात काढलास, आणि चांगला खडसावून काढलास. पण तो नंतर.

हे आठवायचं कारण येशूचा शिष्य पेत्र. योहानाचं शुभवर्तमान काढ आणि घटना कुठल्या क्रमाने येतात तेवढं बघ. तेराव्या अध्यायाच्या शेवटी येशू पेत्राला सांगतो, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. त्यानंतर पंधराव्यात, त्याच रात्री, त्याच शिष्यांना म्हणतो, यापुढे मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. हा क्रम इतकी वर्षं माझ्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. मित्र हे नाव पेत्राला मिळालं तेव्हा त्याच्या नाकारण्याची खबर देणाऱ्याला आधीच होती. तुझ्या वरातीची बातमी त्याला तुझ्याकडून कळली, असं वाटतं का तुला?

आणि तो विस्तव. प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता. पेत्र तिथे शेकत उभा होता आणि तिथेच ‘मी तो नव्हे’ म्हणाला. कोळशांच्या विस्तवाला जो ग्रीक शब्द आहे तो सबंध नव्या करारात दोनदाच येतो: एकदा या वाड्यात आणि एकदा एकविसाव्या अध्यायात, येशू मरणातून उठल्यानंतर, तिबिर्याच्या सरोवराकाठी. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलेलं नाही, पहाटे किनाऱ्यावरून कोणीतरी उजवीकडे टाका म्हणतो, आणि जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात. (मोजले कोणी, हा प्रश्न तू संडे स्कूलमध्ये विचारला होतास आणि बाईंनी तुला बाकावर उभं केलं होतं. प्रश्न बरोबर होता. मासे मोजतातच, वाटे घालायचे असतात.) काठावर येतात तर विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, बाजूला भाकर. ज्या वासाने पेत्राच्या पोटात गोळा आला असेल, नेमका तोच वास. आणि तिथे येशू काय म्हणतो? “या, न्याहारी करा.”

आधी खायला घातलं. विचारलं ते नंतर. पण विचारलं, हेही विसरू नकोस. तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, असं योहान स्पष्ट लिहितो. आपल्या मराठी बायबलात इथे एक फरक जपला आहे. येशू दोनदा विचारतो, माझ्यावर ‘प्रीती’ करतोस काय? पेत्र दोन्ही वेळा ‘प्रेम’ करतो म्हणतो. ग्रीकमध्येही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि पेत्राचं क्रियापद ‘मित्र’ या शब्दाच्याच घराण्यातलं आहे. योहान असे शब्द सहज आलटूनपालटून वापरतो, असंही काही अभ्यासक म्हणतात. असेल. पण मला ऐकू येतं ते असं: ‘तुझ्यासाठी जीव देईन’ म्हणणारा पेत्र आता मोठा शब्द उच्चारायला धजत नाही. मैत्रीएवढंच आहे माझ्याकडे, म्हणतो. आणि तिसऱ्या वेळी येशू स्वतःच त्याच्या शब्दावर उतरतो: बरं, ‘प्रेम’ करतोस काय?

बावीस महिन्यांच्या शब्दाची ऐट गेली, त्याचं मला फार दुःख नाही, खरं सांगतो. त्या ऐटीत तू मंडळीतल्या दोघातिघांना बरंच टाकून बोलला होतास.

आपण कवी ना. वा. टिळकांच्या नगरातली माणसं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड टिळक म्हणत. त्यामुळे देवाशी सख्य ही गोष्ट आपल्या कानांना परकी नाही. नवविधा भक्तीत सख्य आठवं, आत्मनिवेदनाच्या अलीकडचं, म्हणजे बऱ्याच पायऱ्या चढून गेल्यावरचं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात मात्र मित्र म्हणायला सुरुवात पलीकडून होते: तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हांला निवडलं. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने. मधली वर्षं त्या दोघांनी कशी काढली असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. सोडायचंही नाही आणि ओढायचंही नाही, असं धरून ठेवणं मला तरी अजून जमलेलं नाही.

अब्राहामाला देवाचा मित्र म्हटलंय, यशयातही आणि याकोबाच्या पत्रातही. बायकोला बहीण म्हणून सांगायचं खोटं तो एकदा मिसरात बोलला आणि पुन्हा गरारात तेच. दोनदा. उत्पत्ती बारा आणि वीस.

आता कामाचं. दारू सोडणाऱ्यांची ती बैठक तू गेल्या दोन आठवड्यांत चुकवली आहेस, हे मला कळलंय; कोणाकडून ते विचारू नकोस. ती चुकवायची नाही. डॉक्टरांना खरं सांग, किती आणि किती दिवस ते. वहिनींपासून बाटली लपवली असशील तर तीही सांग. या गोष्टी प्रार्थनेने आपोआप होत नाहीत, मी करून पाहिलंय. पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. मागच्या बाकावर बसू, आपल्या जुन्या जागी, खांबाशेजारी.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघतोय. बाजरीच्या भाकरी आणि खर्डा बांधून आणतो. उरलेले नऊ हजार मात्र दिवाळीनंतरच, त्यावरून पुन्हा खडसाव हवं तर. दहापर्यंत पोचेन.

चहा तू टाक.

तुझाच