शॉकअपच्या बॉक्सवर स्प्रिंगचा आकडा छापा की!

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळी टूरचे दिवस आले की पेपरात टायर, रेनकोट, चेन ल्यूब सगळ्यावर लिहून येतं, मागच्या शॉकअपचं कुणी नाव काढत नाही, म्हणून हे पत्र. मुंबईतनं बाईक बाहेर काढायची तर एक्स्प्रेस वे आपल्याला बंद, अटल सेतू बंद, मग पनवेल-खोपोली करत जुन्या हायवेने जा नाहीतर गोवा हायवेची ती कधीच न संपणारी कामं चुकवत कोकणात उतरा, आणि त्याच्याआधी शहरातले उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच पाहिजे, आपल्याकडे सोसायटीवाले रात्रीत जो वीतभर रुंदीचा उंचवटा टाकतात तो कुठल्या पुस्तकात बसतो देव जाणे. हे सगळं मागचा शॉकअप सोसतो, वर डबल सीट, सॅडल बॅगा आणि टॉप बॉक्स.

आता हा शॉकअप बदलायला दुकानात जा. गाडी कुठली विचारतात, कलर कुठला पाहिजे विचारतात, पण तुमचं वजन किती, मागे कोण बसतं, सामान किती हे कोण विचारत नाही. एका दुकानात (नाव नको) मी स्प्रिंगचा रेट (किंमत नव्हे, ती एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो तो आकडा) विचारला तर उत्तर आलं, 'साहेब गॅसवाला है, एकदम मक्खन चलेगा.' अहो, टायरवर लोड इंडेक्स म्हणजे वजनाचा कोड ६१ लिहिलेला असेल तर तो टायर २५७ किलो पेलतो हे तक्ता बघून कुणीही सांगू शकतं, आणि शॉकअपच्या बॉक्सवर नुसता चकचकीत फोटो! इंग्लंडचे हॅगनवाले किंवा स्वीडनचे ओहलिन्सवाले रायडरच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग देतात, मग हे आपल्या काउंटरवर का होत नाही?

कारण शॉकअप म्हणजे दोन वेगळी कामं आहेत आणि विकताना दोन्हीची खिचडी करतात. वजन पेलते ती स्प्रिंग. ती दबून परत सुटताना गाडीला आवरतं ते आतलं ऑइल, पिस्टनच्या बारीक भोकांतून जाताना ते अडतं म्हणून, यालाच डॅम्पिंग म्हणतात. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा उसळत राहिली किंवा रॉड तेलकट दिसला तर डॅम्पिंग गेलंय, आणि सामान टाकल्यावर प्रत्येक खड्ड्यात धाडकन ठोकत असेल तर बहुतेक स्प्रिंग नरम पडतेय. खालची ती खाचांची रिंग, जी सी-पान्याने फिरवतात, तिने स्प्रिंग कडक होत नाही हो, फक्त गाडी मागून वर उचलली जाते. रिंग शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी मागून खाली बसत असेल तर जाड स्प्रिंगच लागणार, मेकॅनिकने कितीही 'टाइट केलाय' म्हटलं तरी.

खरेदीच्या आधी एक माप घरीच घ्या. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हवेत ठेवा, एक्सलच्या मधोमध टेप धरा आणि सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत मोजा. मग स्टँड काढा, मागे बसणाऱ्याला बसवा, बॅगा लावा, स्वतः बसून दोन्ही पाय वर घ्या (कुणीतरी हँडल धरायला पाहिजे, नाहीतर आडवे व्हाल) आणि तेच माप परत घ्यायला सांगा. दोन्हीतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा, म्हणजे ९० मिलिमीटर ट्रॅव्हल असेल तर साधारण ३०. पन्नास येत असेल तर आधी रिंग फिरवून बघा, दोन शॉकअप असतील तर दोन्ही बाजूंना सारखी खाच. कित्येकांचं काम तिथेच होतं आणि पैसे वाचतात.

गॅसचं म्हणाल तर ते काही थोतांड नाही. साध्या शॉकअपमध्ये हवा आणि ऑइल एकत्र असलं की सलग खराब रस्त्यावर ते तापतं, फेसाळतं आणि पकड जाते, म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन सरकत्या पिस्टनच्या पलीकडे वेगळा ठेवतात. पण स्वस्तातल्या मालात बाजूला लटकणारी ती गॅसची डबी कधीकधी नुसती शोची असते हेही बघा.

शॉकअपची लांबी मात्र दोन्ही डोळ्यांच्या, म्हणजे टोकांना बोल्ट जातो त्या भोकांच्या, मध्यापासून मध्यापर्यंत मोजून जुनीच ठेवा. लांब टाकला की मेन स्टँडवर चाक जमिनीला टेकतं, स्टिअरिंग चपळ होतं, चेनचा ढिलेपणा बदलतो. आखूड टाकला तर साइड स्टँडवर गाडी इतकी सरळ उभी राहते की जरा वारा आला की पडली, आणि टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच. फिटिंग झाल्यावर चेन तपासूनच दुकानातून निघा.

आणि ही फक्त आमच्या कंबरेची गोष्ट नाहीये. मागून बसलेल्या गाडीचा पुढचा टायर हलका होतो, वळणावर ती बाहेर फेकली जाते, आणि हेडलाइट वर उठून रात्री खंडाळ्याला समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या थेट डोळ्यात जातो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की इथे माल विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने बॉक्सवर तीन गोष्टी ठळक छापाव्यात, डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, स्प्रिंगचा रेट न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये, आणि ती किती किलोच्या रायडर-सामानासाठी आहे ते. ऑपेरा हाऊसपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत पार्ट विकणाऱ्यांनीही गिऱ्हाईकाला कलरच्या आधी वजन विचारावं, आणि तुमच्या ऑटो पुरवणीत नवीन बाईकच्या रिव्ह्यूला सीसी आणि मायलेजच्या शेजारी मागच्या ट्रॅव्हलचा आकडा देता आला तर बघा.

आपला,
एक टूरिंगवाला वाचक, भांडुप