कर्जावरची बायबलची वचनं दाखवताय ना, मग हिशोबही दाखवा

न्यू जर्सी, ऑक्टोबर २०२४

संपादक साहेब, स.न.वि.वि.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर तुमच्याकडे रोज काही ना काही छापून येतंय, कमला हॅरिस यांचं आजोळ झालं, ट्रम्पच्या सभा झाल्या, पण इथे आमच्या मंडळीत ज्याच्यावरून वादावादी चाललीय तो विषय कुठे दिसला नाही म्हणून लिहितोय. विषय आहे अमेरिकेच्या सरकारवरचं कर्ज.

मी मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आणि मतदारही इथलाच. मतदानाची ५ नोव्हेंबर जवळ आली तशी आमच्या प्रार्थना ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर बायबलची वचनं पडायला लागलीत. नीतिसूत्रे २२:७, कर्ज घेणारा हा देणाऱ्याचा दास. रोमकरांस १३:८, कोणाचं देणं ठेवू नका. आणि त्याखाली लगेच, म्हणून ट्रम्पला मत द्या! (चर्चच्या व्यासपीठावरून उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, १९५४ पासून टॅक्सच्या कायद्यात तशी अट आहे, म्हणून सगळा जोर व्हॉट्सॲपवर.) वचनं बरोबरच आहेत हो, पण तिथून थेट ट्रम्पवर उडी कशी मारली ते कोणी सांगत नाही.

आकडे बघा. कर्ज आता ३५ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलंय. ट्रम्प २०१६ साली म्हणाले होते आठ वर्षांत फेडून टाकतो. त्यातली चार मिळाली, आले तेव्हा २० लाख कोटींच्या आसपास होतं, गेले तेव्हा २८ च्या जवळ. कोविडचा खर्च त्यात आहे हे मान्य, पण २०१७ ची टॅक्सकपात तर कोविडच्या आधीची ना. मग अध्यक्ष बायडेन आणि उपाध्यक्ष हॅरिस आले, त्यांनीही साधारण तेवढीच भर घातली, म्हणजे मागच्या कामावर दोघांनाही मार्क द्यायला हात धजत नाही.

आता पुढचं. वॉशिंग्टनमध्ये कमिटी फॉर अ रिस्पॉन्सिबल फेडरल बजेट म्हणून संस्था आहे, दोन्ही पक्षांतली बजेट कोळून प्यायलेली माणसं तिच्या बोर्डावर आहेत, तिने या महिन्यात दोघांच्या आश्वासनांची बेरीज मांडली. २०३५ पर्यंत हॅरिस यांच्या योजनांनी कर्जात साडेतीन लाख कोटी डॉलरची भर पडेल, ट्रम्प यांच्या योजनांनी साडेसात लाख कोटींची. हे अंदाज आहेत आणि बरेच खालीवर होऊ शकतात असं ती संस्थाच सांगते. तरी कर्ज कमी करणारा दोघांत कोणी नाही, आणि एकाचा बोजा दुसऱ्याच्या दुप्पट आहे, एवढं तर दिसतंच.

कारणंही उघड आहेत. ट्रम्पना २०१७ ची कपात चालू ठेवायचीय, वर टिपवर टॅक्स नको, ओव्हरटाइमवर नको, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे म्हातारपणी सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनवर नको, आणि खड्डा भरायचा कशाने तर बाहेरून येणाऱ्या मालावर जकात लावून, जी शेवटी दुकानात आपल्यासारख्यांच्याच बिलात येणार. हॅरिस कंपन्यांवरचा टॅक्स २१ वरून २८ टक्के करू म्हणतात, निदान पैसा कुठून आणणार ते तरी सांगतात, पण पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलर, नवीन बाळाला ६ हजारांची टॅक्स सूट असं वाटपही जोरात आहे आणि टिपवरचा टॅक्स काढायचं तर ट्रम्पचंच बघून उचललं. सोशल सिक्युरिटीचा फंड पुढच्या दहाएक वर्षांत आटणार हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मात्र दोघंही गप्प.

वचनंच काढायची तर मी बायबलातल्या योसेफाची गोष्ट काढीन. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात टाकला म्हणून दुष्काळात मिसर देश (इजिप्त) जगला. इथे आज बेकारी चार टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे सुकाळच म्हणायचा, आणि सरकारची वर्षाची तूट १.८ लाख कोटी डॉलर! दुष्काळात कर्ज काढलं तर मी नावं ठेवणार नाही, २००८ ला आणि २०२० ला काढावंच लागलं, पण भरल्या कोठारावर बसून उधार आणायचं हे कुठल्या शास्त्रात बसतं? नुसतं व्याजच आता संरक्षणाच्या खर्चापेक्षा जास्त जातंय.

दुसरं, बायबलातल्या नहेम्याचा, म्हणजे राजाने यहूदावर नेमलेल्या सुभेदाराचा, पाचवा अध्याय. तो ग्रुपवर कोणी टाकत नाही. लोक रडत येतात, धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे गहाण टाकले, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, पोरी दासी झाल्या. नहेम्या त्या कर्जदारांना उधळे म्हणत नाही, तो सरदारांना आणि अधिकाऱ्यांना सभेत उभं करतो, शेतं परत करा, व्याज परत करा म्हणतो, आणि स्वतः बारा वर्षं सुभेदारीचा भत्ता घेत नाही. म्हणजे कर्ज किती याच्याबरोबर ते कोणाच्या डोक्यावर पडतं आणि फायदा कोणाला हेही शास्त्र विचारतं. त्या हिशोबाने मोठ्या कमाईवाल्यांना टॅक्समध्ये सूट देऊन तिचं व्याज नातवंडांवर टाकणं मला जास्त जड वाटतं, आणि म्हणून या एका मुद्द्यावर तरी माझं माप हॅरिस यांच्याकडे थोडं झुकतं. थोडंच.

आमच्यातले बरेच जण ट्रम्पना मत देणार आहेत ते गर्भपाताच्या प्रश्नावरून, हे मला माहीत आहे. तो त्यांच्या सद्सद्विवेकाचा भाग आहे, मी भांडायला जाणार नाही. पण मग ग्रुपवर तसं सरळ लिहा ना. कर्जाची वचनं त्यात कशाला ओढायची, तीही एकाच बाजूची?

तुमच्या पेपरने दोघांचे आकडे शेजारी शेजारी छापले तर फार बरं होईल. इथे मतदान करणारे मराठी लोक तुमचा पेपर फोनवर वाचतात, आणि अमेरिकेच्या रोख्यांत आपल्या रिझर्व्ह बँकेचाही पैसा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनाही हा विषय अगदीच लांबचा नाही.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी