सील सोनेरी आहे, पण मान्यता कोणाची?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात ऑनलाइन डिग्रीच्या जाहिराती हल्ली सारख्याच येतात, त्यातल्या एकीचा फोटो भाचीने मला पाठवला, "मामा, मान्यताप्राप्त लिहिलंय, घेऊ का अ‍ॅडमिशन?" मी विचारलं मान्यता कोणाची, तर म्हणे साइटवर गोल सोनेरी सील आहे. सील काय हो, कोणीही पाच मिनिटांत बनवतं.

2004 मध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरल ऑफिसने एका मांजराच्या नावाने ऑनलाइन युनिव्हर्सिटीत अर्ज भरला होता, अनुभव काय तर मुलं सांभाळणं आणि घरोघरी पेपर टाकणं. मागितली बॅचलर डिग्री, तर युनिव्हर्सिटी म्हणाली तुमचा अनुभव बघता तुम्ही एमबीएला पात्र आहात! मार्कशीटही आली, तीसुद्धा चांगल्या मार्कांची.

हे निदान हसण्यावारी नेता येईल. 2015 मध्ये कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढलं, तेव्हा 370 च्या आसपास वेबसाइट निघाल्या, त्यात खोट्या युनिव्हर्सिट्या तर होत्याच पण त्यांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्था पण त्यांच्याच. म्हणजे कॉलेजने दिलेल्या लिंकवर क्लिक करून खात्री करायला गेलात की चोराच्या भावालाच साक्षीला बोलावल्यासारखं झालं.

म्हणून ती लिंक सोडा आणि सरकारी यादी स्वतः शोधून उघडा. अमेरिकेतलं कॉलेज असेल तर तिथल्या शिक्षण खात्याची यादी आहे, सीएचईए या तिथल्या बिगरसरकारी मान्यता परिषदेची पण आहे, भारतातलं असेल तर यूजीसीची, आणि तिथे नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, ऑनलाइनची परवानगी कोर्सप्रमाणे असते, आपला कोर्स आणि आपलं वर्ष त्यात आहे का ते बघा. नावाचं स्पेलिंग पण अक्षर न् अक्षर जुळवा, नामांकित युनिव्हर्सिटीसारखं नाव ठेवणं ही जुनीच युक्ती.

मान्यता देणाऱ्या संस्थेला तरी मान्यता आहे का हेही बघावं लागतं. अमेरिकेतल्या एसीआयसीएस या संस्थेची मान्यता तिथल्या शिक्षण खात्याने 2022 मध्ये काढून घेतली, एकेकाळी शेकडो कॉलेजं तिच्या शिक्क्यावर चालायची. बरं, 'रजिस्टर्ड', 'आयएसओ सर्टिफाइड', 'मान्यतेसाठी अर्ज केलेला' यातलं काहीच मान्यता नव्हे, आणि नर्सिंगसारख्या कोर्सला लायसन्स लागतं तिथे कॉलेजची मान्यता असूनही भागत नाही, ते लायसन्स देणाऱ्या कौन्सिललाच विचारावं लागतं.

तुम्हाला विनंती एवढीच, अशी जाहिरात घेताना मान्यता देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव छापायची अट घाला, बारीक अक्षरात का होईना, पुढचं वाचक शोधतील. भाचीची अ‍ॅडमिशन सध्या थांबवलीय. कॉलेजला मेल करून संस्थेचं नाव विचारलं होतं, एका तासात उत्तर आलं, त्यात नाव नव्हतं, फी हप्त्यांत भरायची स्कीम होती.

आपला,
एक नियमित वाचक