मैफलींचे ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या ट्रॅकवर व्हावे

महोदय,

ख्यालाचे आद्य घराणे ज्या ग्वाल्हेरचे, तिथल्या लहान मैफली अजूनही सभागृहाच्या मिक्सरमधून (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून) निघणाऱ्या दोन ट्रॅकवरच, म्हणजे सगळे आवाज मिसळलेल्या दोन ध्वनिपट्ट्यांवरच, उरकल्या जातात, ही खेदाची गोष्ट आहे. मिक्सरवरचा आवाजांचा समतोल समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी साधलेला असतो. तबला मुळातच खणखणीत, म्हणून त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली; तानपुरा वर. मुद्रणात मग तबला लांब गेलेला आणि तानपुरा डोक्यावर बसलेला. एकदा मिसळलेले आवाज नंतर नीट सुटे होत नाहीत.

आठ ट्रॅक पुरतात: गवई, दोन तानपुरे, पेटी, तबला, डग्गा आणि सभागृहाचा घुमारा टिपणारी माइकची जोडी. आवाज फेडरच्या आधी घ्यावा, म्हणजे मैफलीत कोणी काही वर-खाली केले तरी मुद्रण हलत नाही. गेनला (माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणाला) मात्र मध्येच हात लावू नये. तो आलापीवर नव्हे, जोरकस तानेवर ठरवावा. २४ बिटच्या, म्हणजे बारीक नोंदीच्या डिजिटल मुद्रणात सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलपाशी राहिला तरी बिघडत नाही. शून्य डेसिबल या कमाल मर्यादेला टेकून फाटलेली तान परत मिळत नाही.

खरी डोकेदुखी गळतीची, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरण्याची. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. डग्ग्याची थाप स्वतःच्या माइकमध्ये आधी आणि गवयाच्या माइकमध्ये तेवढ्या उशिराने पोचते. दोन्ही मिसळताना काही कंपने एकमेकांना खोडतात आणि डग्गा पोकळ वाजतो. म्हणून माइक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवावे आणि मिश्रण मोनोत (डावे-उजवे एकत्र करून) ऐकून पाहावे.

एकेक वाद्य नंतर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) भरण्याची स्टुडिओची रीत इथे निरुपयोगी आहे. ख्यालात लय वाढत जाते, तबलजी गवयाला ऐकूनच वाजवतो.

४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नोंदी), २४ बिटला एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. आठ ट्रॅकचे दोन तास ८ जीबीच्या वर जातात. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही, हे आधीच तपासावे. वीज गेली की चालू फाइल अर्धवट राहते, पुष्कळदा उघडतही नाही. रेकॉर्डर यूपीएसवरच हवा.

बऱ्याच डिजिटल मिक्सरमधून यूएसबीवाटे सगळे चॅनेल सुटे मिळतात. साउंडवाला ठरवतानाच आयोजकांनी ही सोय मागून घ्यावी आणि त्या रात्री एक माणूस फक्त मुद्रणावर बसवावा.

– ध्वनिमुद्रण क्षेत्रातील एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर